मुरण्यासाठी दहा मिनिटं

ओट्यावरची वाटी घरंगळली आणि फरशीवर पडून गरगरत राहिली. आधी मोठ्यानं, मग बारीक बारीक होत, शेवटी थरथरून गप्प झाली.

"गेलं!" रेवू म्हणाली. "आई, गेलं ना?"

मी हातातल्या टॅबलेटकडं पाहिलं. एकोणीसपर्यंत चढलेला आकडा सहावर येऊन बसला होता.

त्याआधी आम्ही दोघी चटईवर काहीही न करता बसलो होतो. पाच वर्षांच्या मुलीला सात मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सांगायला नको. मी तिला बुटाची नाडी बांधायला शिकवली होती. दोन कान करायचे, एक कान दुसऱ्याच्या पोटाखालून काढायचा आणि ओढायचं. तिला जमलंही होतं. आता तिच्या कपाळाभोवती एक कापडी पट्टी होती, आणि नाडीचं हे ज्ञान माझ्या लेकीच्या डोक्यात किती दिवस टिकेल ते ती पट्टी सांगत होती. वाटी पडण्याआधी एकोणीस दिवस. पडल्यावर सहा.

"एका वाटीनं तेरा दिवस खाल्ले बघ," मी म्हणाले.

"वाटी कुठं खाते? आपण वाटीत खातो," असं म्हणून रेवूनं नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

पट्टी कॉलेजची. रविवारी घरी नेऊन तपासते, असं सांगून आणली होती. कुणाच्या डोक्यावर घालून तपासणार, ते मात्र सांगितलं नव्हतं.

गडहिंग्लजच्या आमच्या कॉलेजात मी प्रशिक्षण समन्वयक आहे. नाव भारदस्त आहे, काम साधं. नवीन यंत्र आलं की ते प्राध्यापकांना, कार्यालयातल्या माणसांना आणि मुलांना शिकवायचं. यंदा जूनपासून सगळ्या प्रयोगशाळांत 'सहकारी' कामाला लागणार होता. टेबलाच्या कडेला बसवलेले दोन यांत्रिक हात आणि त्यांना चालवणारी बोलकी यंत्रणा. तो आम्ल ओतणार, नमुने कापणार, काचपट्ट्या बनवणार आणि नोंदी ठेवणार. माणसानं करायचं ते एवढंच, की काही चुकतंय असं दिसलं तर त्याला थांबवायचं. थांबवायचा क्रम ठरलेला होता. पांढरी कळ दाबून धरायची, दांडा आपल्याकडं ओढायचा, मग स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. क्रम चुकला की तो आपलं काम चालू ठेवणार. ऐन वेळी कुणी पुस्तिका उघडून बघत नाही, म्हणून नियम आला: हा क्रम ज्याच्या डोक्यात किमान तीस दिवस टिकेल, त्यालाच प्रयोगशाळा एकट्यानं चालवता येईल. तीस दिवसांनी पुन्हा उजळणी. प्रमाणपत्रावर सही माझी.

आता टिकेल की नाही हे आधी कसं कळणार? त्यासाठी ही पट्टी.

शिकतानाचा मेंदू आणि शिकून झाल्यावरचा मेंदू वेगळी कामं करतात. आपण काही शिकलो की ते आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या, बोटाएवढ्या लहानशा भागात येऊन थांबतं. पाहुणा ओसरीवर थांबावा तसं. मग आपण निवांत बसलो, खिडकीतून बाहेर बघत राहिलो, की तो भाग नुकतंच शिकलेलं सगळं पुन्हा उजळून बघतो. कित्येक पट वेगानं, पुन्हा पुन्हा. आपल्याला त्याची खबरही नसते. जितक्या वेळा उजळणी होते, तितका तो पाहुणा आतल्या खोलीत जातो आणि घरचा होतो. ही उजळणी मोजायला पूर्वी डोक्याच्या आत तारा घालाव्या लागायच्या. आता साखरेच्या दाण्याएवढे संवेदक निघाले आहेत. मेंदूतल्या विजेमुळं जे अगदी दुबळं चुंबकत्व तयार होतं, ते हे दाणे कवटीबाहेरून टिपतात. दहा मिनिटांत किती उजळण्या झाल्या ते मोजायचं, आणि त्यावरून किती दिवस टिकेल ते सांगायचं. पट्टी बनवणाऱ्या कंपनीनं तिला 'स्मृतिपट्टी' असं नाव दिलं होतं.

"म्हणजे लोणच्यावानी झालं की," वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई शिवगोंडामामा म्हणाले होते. "बरणी सारखी हलवत बसलं तर मुरतंय कुठलं?"

त्या दिवसापासून कॉलेजात तिला सगळे लोणच्याची पट्टीच म्हणायला लागले. 

पहिल्या प्रशिक्षणाची आखणी मी फार मनापासून केली होती. वीस मिनिटं शिकवणं, दहा मिनिटं रिकामी. पुन्हा वीस, पुन्हा दहा. वेळापत्रक बघून प्राचार्य घोरपडे सरांनी मला बोलावून घेतलं.

"चौगुले मॅडम, हे 'रिकामं' काय ठेवलंय तीन ठिकाणी?"

"सर, तेव्हा कुणी काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं. खरं शिकणं तेव्हाच होतं."

"बरं बरं," सर म्हणाले. त्या 'बरं बरं'चा अर्थ मला प्रशिक्षणाच्या दिवशी कळला. पहिल्या रिकाम्या दहा मिनिटांत संस्थेच्या सचिवांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं. दुसऱ्या दहा मिनिटांत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाले, त्यात माझाही झाला. तिसरी दहा मिनिटं आभारप्रदर्शनानं घेतली आणि वर आणखी पंधरा घेतली. एवढी चांगली मोकळी जागा वेळापत्रकात पडून आहे म्हटल्यावर ती वाया कोण घालवणार?

प्रत्येक सत्रानंतर मी विचारलं, "समजलं का सगळ्यांना?" सगळ्या माना एकदम हलल्या. आमच्याकडं 'नाही समजलं' म्हणणं हा शिकवणाऱ्याचा अपमान. पट्ट्यांना मात्र मान नसते, त्यामुळं त्या हलल्या नाहीत. प्राध्यापक, सरासरी एक दिवस. कार्यालय, दोन. मुलं, चार. मुलांचे दिवस जास्त का, याचा मी बराच विचार केला. मग लक्षात आलं, भाषणं चालू असताना ती मागं शांतपणे आढ्याकडं बघत बसली होती.

आणि एकाच माणसाचे एकेचाळीस दिवस. शिवगोंडामामा.

"मामा, तुम्ही काय केलंत?"

"म्या? काय न्हाई. चहा बघाय गेलतो. शेगडीपाशी हुबा ऱ्हायलो उकळी येस्तोवर."

मामांचा आकडा घेऊन मी प्राचार्यांकडं गेले. वाद घातला नाही, फक्त आकडे समोर ठेवले. पुढच्या आठवड्यात दुसरं प्रशिक्षण झालं. दिवे नाहीत, शाली नाहीत. बाहेर ताणून बांधलेल्या कापडाच्या सावलीत चौऱ्याऐंशी माणसं दहा मिनिटं नुसती बसून राहिली. पहिल्या मिनिटात खोकले आले, दुसऱ्यात कुणीतरी हसलं, तिसऱ्यानंतर चिंचेवरचे पोपट ऐकू यायला लागले. मी टॅबलेट बघत होते. दहा, सतरा, सव्वीस, पस्तीस. ओळीनं आकडे चढत होते. पेरलेल्या वाफ्यात कोंब वर येताना बघावेत तसं मला झालं.

एकच आकडा चढला नाही. दोनवर आला आणि तिथंच थांबला. पहिल्या दिवशी तो एवढाच होता, पण तेव्हा सगळ्यांचेच कमी म्हणून मी पाहिलं नव्हतं.

तो आकडा पट्टणशेट्टी सरांचा होता.

सर वनस्पतिशास्त्राचे. निवृत्तीला दोन वर्षं. मला त्यांनी शिकवलं. माझ्या एम.एस्सी.च्या परीक्षेच्या वेळी रेवू तीन महिन्यांची होती. तिला कुठं ठेवू म्हणून मी दारात रडत उभी होते, तेव्हा सरांनी वाळवलेल्या वनस्पतींच्या दोन कपाटांच्या मध्ये साडीची झोळी बांधली आणि चार दिवस स्वतः तिला झोके दिले. रेवू त्यांना पानांचे आजोबा म्हणते. ती प्रयोगशाळा, तिथले अकरा हजार वाळवलेले नमुने, प्रत्येकाखालचं बारीक अक्षरातलं नाव, हे सगळं सरांनी एकट्यानं उभं केलेलं. तीस दिवस झाले नाहीत तर जूनपासून तिथं त्यांना एकट्यानं तास घेता येणार नव्हता.

मी पट्टी बदलून पाहिली. दोन. सकाळी पाहिलं. दोन. दुसरं काहीतरी शिकवून पाहिलं. दीड. शिकताना सर कुठंच कमी पडत नव्हते, तरुणांपेक्षा लवकर शिकायचे. क्रम बिनचूक करून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी मात्र यंत्रासमोर उभे राहून म्हणायचे, "हां, शर्वरी, हे नवीन आलं काय? दाखव बघू."

आकडे फक्त मला दिसायचे. किंवा ज्याचा त्याला, त्यानं मागितला तर. सरांनी मागितला नव्हता. मी चार दिवस प्रयोगशाळेच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आले. पाचव्या दिवशी दुपारी आत गेले आणि हवापाण्याचं बोलायला लागले.

"अगं, परीक्षेत उत्तर येत नसलं की तू असंच पानभर प्रस्तावना लिहायचीस," सर म्हणाले. "आकडा सांग."

"सर…"

"थांब. आधी मी दाखवतो." त्यांनी खणातून वही काढली. पहिल्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात होतं: पांढरी कळ, दांडा, नाव. खाली तारीख. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. 

"अकरा वेळा लिहिलंय," सर म्हणाले. "आणि प्रत्येक वेळी मी ते पहिल्यांदाच लिहितोय असं मला वाटलेलं आहे. काल पान उलटलं तेव्हा कळलं. अकरा निरीक्षणं आहेत, शर्वरी. एवढ्यावर निष्कर्ष काढता येतो."

"दोन दिवस," मी म्हणाले.

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "आणि जुनं? जुनं जागेवर आहे ना?" उत्तराची वाट न बघता ते कपाटाकडं वळले आणि डोळे मिटून एकेक कप्पा म्हणायला लागले. बारा कप्पे बिनचूक. परत वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. नवीन रोप सापडलं की व्हायचा तसा. "म्हणजे आतल्या खोलीचं दार बंद होतंय, खोली शाबूत आहे. मग खिडकीतून काही आत टाकता येतं का, बघायचं का?"

"सर, आधी डॉक्टरांना दाखवायचं."

"दाखवू. मुलगी धारवाडला आहे, सोमवारी जातो तिच्याकडं. पण सोमवारपर्यंत आपण बसून काय करायचं?"

त्यांच्या तपासण्या सुरू झाल्या. त्या अजून चालू आहेत, आणि डॉक्टर अजून काही ठाम बोलत नाहीत. इकडं आमचे प्रयोग सुरू झाले. नवी गोष्ट जुन्या खुंटीवर टांगली तर ती लवकर आत जाते, हे मी वाचलं होतं. सरांनी खुंटी स्वतःच शोधली.

"मी कागदावर झाड लावतो तेव्हा काय करतो? आधी मुळाशी दाबून धरतो. मग खोड माझ्याकडं वाकवतो. मग नाव लिहितो. बरोबर?" त्यांनी 'सहकारी'कडं पाहिलं. "कळ म्हणजे मूळ. दांडा म्हणजे खोड. आणि शेवटी नाव."

आम्ही पायरीवर दहा मिनिटं गप्प बसलो. आकडा दोनवरून चारवर गेला. मी ओरडलेच. शिवगोंडामामा धावत आले, "काय साप निघाला काय?" रोज आम्ही हेच करायचो. पाच. सात. एकदा नऊ झाला आणि मग तिथंच राहिला. आठवडाभर नऊ.

मे महिना संपत आला. प्रमाणपत्रांची यादी घेऊन मी प्राचार्यांकडं गेले.

"पट्टणशेट्टी सरांपुढं काहीच नाही?"

"नऊ आहेत, सर."

त्यांनी दार बंद केलं. "मॅडम, ह्या माणसानं आपल्याला काय दिलंय ते मी तुम्हाला सांगायचं का? दोन वर्षांचा प्रश्न आहे. तीस लिहा. सर आपलेच आहेत. कोण बघायला येतंय?"

मला लिहायचं होतं, खोटं कशाला सांगू? लेखणी हातात होती. डोळ्यांसमोर ती झोळी होती. आणि टेबलाच्या कडेचे ते दोन यांत्रिक हात, त्यांच्यापलीकडं उभ्या असलेल्या वीस मुली, दहाव्या दिवशी कोऱ्या चेहऱ्यानं यंत्राकडं बघणारे सर, हेही होतं.

मी यादी न भरता उठले आणि थेट पट्टणशेट्टी सरांकडं गेले. सांगून टाकलं सगळं.

सर रागावले. मी त्यांना रागावलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे. "नमुन्याला पाच पाकळ्या असल्या तर मी तुला सहा लिहायला शिकवलं होतं? नऊ लिही. आणि रडायचं असेल तर कपाटापासून लांब रड, ओल चालत नाही तिथं."

मी नऊ लिहिले. पण रिकाम्या रकान्यावर यादी संपवायला मन घेईना. मामांचा आकडा आता चौसष्ट होता. नियमात प्रमाणपत्र फक्त प्राध्यापकांना होतं. मी नियमाचा कागद चार वेळा वाचला, आणि आखणीत एक नवा प्रकार लिहिला: जोडी. शिकवणारा एक, थांबवणारा एक. दोघं हजर असतील तरच प्रयोगशाळा उघडेल.

"प्राध्यापकांवर मामा?" प्राचार्य म्हणाले. "स्टाफरूममध्ये काय बोलतील, अंदाज आहे का तुम्हाला?"

"वर नाही सर. शेजारी."

स्टाफरूममध्ये बोलायचं ते बोललेच. मामांना स्वतःलाही पटत नव्हतं. "न्हाई मॅडम, सरांच्या म्होरं म्या कळीवर हात ठेवून हुबा ऱ्हायचं? बरं दिसतंय व्हय ते?"

"मामा," सर म्हणाले, "मी तेवीस वर्षं शिकवताना तुम्ही खडू पुढं करत आलाय. तेव्हा बरं दिसत होतं ना? मग हेही दिसेल. आणि मी क्रम विसरलो तर मुलींसमोर मोठ्यानं सांगायचं. पुटपुटायचं नाही."

जूनमध्ये प्रयोगशाळा उघडली. पहिल्या तासाला मी मागं उभी होते. सर फुलांविषयी बोलत होते, आवाज तोच, विनोद तेच. मामा इस्त्रीचा शर्ट घालून यंत्रापाशी उभे होते, हात कळीजवळ. तिसऱ्या टेबलावर यांत्रिक हातानं पातं जरा तिरकं धरलं. सर बोलता बोलता थांबले, यंत्राकडं पाहिलं, आणि काय करायचं ते त्यांना आठवलं नाही. ते मला मागून दिसलं. मुलींना दिसायच्या आत मामांनी कळ दाबली, दांडा ओढला आणि वर्ग दणाणेल असं नाव सांगितलं. "शिवगोंडा पाटील!" मुली हसल्या. सरही हसले, आणि पुढच्या वाक्याला लागले.

त्यानंतर दुपारी शाळा सुटली की रेवूला घेऊन मी तिथंच यायला लागले. काल तास सुरू व्हायला वेळ होता. सरांनी पायरीजवळचं एक पिवळं-पांढरं फूल खुडलं आणि तिच्यासमोर धरलं.

"हे बघ रेवू, ह्याला म्हणतात दगडीपाला. खरचटलं की ह्याचं पान…"

"आजोबा, परवा सांगितलंत की!"

सरांनी ते फूल तिच्या हातात दिलं आणि पायरीवर तिच्या शेजारी बसले. "असं? मग आज तू सांग. मी ऐकतो."

तिनं सांगितलं. पान चुरडायचं कसं, लावायचं कुठं, आणि झोंबलं तर ओरडायचं नाही, हेसुद्धा. सर मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, खरोखरच माहीत नसल्यासारखे. मग दोघं काही न बोलता बसून राहिले. डोक्याला पट्टी नव्हती, मोजत कुणी नव्हतं. घंटा झाली तसे सर उठले, तिच्या गालाला हात लावून आत गेले.

फाटकापाशी गाडीवर बसवताना रेवूनं विचारलं, "आजोबांना परवाचं का नाही आठवत?"

"नवीन गोष्टी त्यांच्याकडं आता फार दिवस थांबत नाहीत."

"मी नवीन आहे का?"

"नाही गं. तू जुनी. तीन महिन्यांची होतीस तेव्हापासूनची."

मला वाटलं, पुरलं हे उत्तर. मी गाडी सुरू केली. दगडीपाल्याचं फूल तिनं मुठीत धरलं होतं, ते ती उलटंपालटं करून बघत होती.

"आई," ती म्हणाली, "पण एखाद्या दिवशी ते मला विसरले, तर मग मी पण त्यांना विसरायचं असतं का?"